जखमेला ग्रोथ फॅक्टर द्यायचा की अडवायचा?

प्रश्न (मानेवाडा, नागपूर): बाबा ६२ वर्षांचे आहेत, बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी तीन महिन्यांपासून जखम आहे. रोज बेटाडीनचं ड्रेसिंग करतो, पण भरत नाही. आता ग्रोथ फॅक्टरचं जेल लिहून दिलं आहे, ते महाग आहे. कोणी म्हणतात, रक्तातून पीआरएफ (प्लेटलेट असलेला रक्ताचा साका) काढून लावा. घरातच काकूंना फुप्फुसाचा कॅन्सर आहे. एर्लोटिनिब १५० ची गोळी सुरू होऊन दोन आठवडे झाले आणि चेहरा, छाती, पाठ पुरळाने भरली. डॉक्टर म्हणाले, ही गोळी ग्रोथ फॅक्टरचं काम अडवते म्हणून असं होतं. एकाच्या कातडीला ग्रोथ फॅक्टर द्यायचा आणि दुसरीच्या कातडीत तोच अडवायचा, हे काय आहे? जेल आणावं का? गोळी थांबवावी का?

उत्तर:

आधी दोन्हींचं थेट सांगतो. काकूंची गोळी स्वतःहून थांबवू नका. पुरळ याच आठवड्यात दाखवा, त्यावर चांगले उपाय आहेत. बाबांचं जेल आज विकत आणू नका. आधी जखमेवर पडणारा भार काढा, जखमेच्या कडा नीट साफ करून घ्या आणि पायात रक्त पुरेसं पोचतंय का ते तपासा. एवढं झाल्याशिवाय लावलेलं जेल म्हणजे पाण्यात घातलेले पैसे.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येतो, कारण ती अगदी योग्य आहे. ग्रोथ फॅक्टर म्हणजे कातडीचं टॉनिक नव्हे. एका पेशीने दुसऱ्या पेशीला पाठवलेला तो प्रथिनाचा निरोप असतो. 'वाढ', 'सरक', 'थांब', 'दोरे विण' असे वेगवेगळे निरोप असतात. तो कुणाला मिळाला, कधी मिळाला आणि घेणारी पेशी ऐकण्याच्या स्थितीत आहे का, यावर सगळं अवलंबून. त्यामुळे एकाच घरात एकाला तो वरून द्यावा लागणं आणि दुसऱ्याला तो अडवावा लागणं यात विसंगती काही नाही.

त्वचेच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा निरोप म्हणजे ईजीएफ, एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर. स्टॅनली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीतून तो वेगळा काढला आणि १९६२ मध्ये प्रसिद्ध केला. नवजात उंदरांना हा अर्क टोचला की १२ ते १४ दिवसांनी उघडणारे त्यांचे डोळे सातव्या दिवसाच्या आसपासच उघडत. पापणीची कातडी वेळेआधी जाड आणि पक्की होत होती. या कामासाठी १९८६ चं नोबेल त्यांना रीटा लेव्ही-माँटालचिनी यांच्यासोबत मिळालं. ईजीएफ म्हणजे फक्त ५३ अमिनो आम्लांची साखळी. तो घेणारा ग्राही, म्हणजे ईजीएफआर, आपल्या बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या ओळीतल्या पेशींवर आणि केसांच्या मुळाभोवतीच्या आवरणावर भरपूर असतो. ईजीएफ बसला की दोन ग्राही जोडीने एकत्र येतात, पेशीच्या आतल्या टोकाला फॉस्फेट लागतं आणि तिथून दोन मोठ्या साखळ्या सुरू होतात. रास-राफ-मेक-अर्क ही साखळी विभाजनाची आणि सरकण्याची, तर पीआय३के-एकेटी ही जगून राहण्याची. पेशी वरच्या थरात गेली की हा संकेत मंदावतो, ती विभाजन थांबवते, केराटिनने भरते आणि शेवटी पापुद्रा होऊन गळते. खाली वाढायचं आणि वर पक्कं व्हायचं, हा तोल ईजीएफआर सांभाळतो. हे एवढं लक्षात ठेवलं तर काकूंच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते आपोआप उलगडतं.

काकूंच्या गाठीतला ईजीएफआर जनुकातल्या बदलामुळे बहुधा सतत चालू राहिलेला आहे, म्हणून त्यांना एर्लोटिनिब दिलं आहे. ही गोळी ग्राहीच्या आतल्या भागात, ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी रेणूच्या खाचेत बसते. पण ती गाठीतला ग्राही आणि कातडीतला ग्राही यांत फारसा भेद करत नाही. खालच्या ओळीतल्या निरोगी पेशींचं विभाजन मंदावतं, त्या वेळेआधीच पक्क्या होऊ लागतात, कातडी पातळ आणि कोरडी पडते. त्याच वेळी या पेशी दाहाचे रसायन-संकेत सोडतात, पांढऱ्या पेशी केसांच्या मुळांभोवती गोळा होतात आणि कातडीचं स्वतःचं जंतुनाशक संरक्षण कमी पडतं. त्यातून उठतात ते पुवाचे बारीक फोड. दिसायला ते तारुण्यपीटिकांसारखे असले तरी त्यात काळे-पांढरे खिळे नसतात, खाज आणि आग जास्त असते. म्हणूनच पिंपल्सचं मलम इथे उलट काम करतं.

याचं वेळापत्रक बहुतेकांत ठरलेलं असतं. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात फोड, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जोर, मग हळूहळू ओसरून कोरडेपणा. सहा-आठ आठवड्यांनंतर बोटांच्या टोकांना भेगा आणि नखांच्या कडेला नखुरडं. पुढे पापण्यांचे केस लांब आणि वाकडे होतात. त्यामुळे सध्या काकूंचं पुरळ वाढतंय हे अपेक्षित आहे, औषध 'बाधलं' असं नव्हे. पुरळ उठलेल्यांत औषधाचा गुण जास्त दिसतो, असं अनेक अभ्यासांत आढळलं आहे. तेवढ्यावरून पुरळ सहन करत बसायचं मात्र नाही. पुरळ न उठलेल्यालाही गुण येऊ शकतो, हेही सांगून ठेवतो.

उपाय आधीपासून सुरू केले तर फरक मोठा पडतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पॅनिट्युमुमॅब हे याच ग्राहीविरुद्धचं इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णांना पहिल्या दिवसाच्या आधीपासून सहा आठवडे चार गोष्टी दिल्या: मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन आणि डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दोन वेळा. मध्यम ते तीव्र त्वचाविकार त्यांच्यात २९ टक्के, तर पुरळ उठल्यावरच उपाय केलेल्यांत ६२ टक्के दिसले. काकूंना दोन आठवडे होऊन गेले असले तरी हाच आराखडा आजही लागू होतो. डॉक्सिसायक्लिन इथे मुख्यतः दाह कमी करण्यासाठी असतं. ते डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच घ्यायचं, ग्लासभर पाण्यासोबत. घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत चटका बसून व्रण होतो. दूध, लोहाच्या गोळ्या आणि अँटासिड यांच्यापासून दोन तासांचं अंतर ठेवा. या गोळीने ऊन जास्त लागतं. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या घरात असताना, सकाळी दहा ते चार बाहेर पडायचंच असेल तर एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, छत्री आणि सुती दुपट्टा तिन्ही लागतात. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं, बिनवासाचं घ्या, ते झोंबत नाही.

मॉइश्चरायझर साधं, घट्ट, सुगंध नसलेलं हवं. आंघोळ कोमट पाण्याने, पाच-सात मिनिटांत उरकायची आणि अंग ओलसर असतानाच लावायचं. संध्याकाळी पुन्हा. तळहात-तळव्यांना ५ ते १० टक्के युरिया असलेलं चालतं, चेहऱ्याला युरिया नको. कूलरचा झोत थेट चेहऱ्यावर घेऊन झोपू नये, कोरडेपणा वाढतो. बेंझॉइल पेरॉक्साइड, अॅडापालीन, ट्रेटिनॉइन ही पिंपल्सची मलमं बंद. बेसन-हळद-लिंबाचं उटणं आणि मुलतानी मातीही बंद. आणि मेडिकल स्टोअरमधून न विचारता आणलेली, स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि अँटिफंगल एकत्र असलेली ट्यूब तर कटाक्षाने टाळा. त्यात बहुधा क्लोबेटासॉलसारखं तीव्र स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, मग आधीच पातळ झालेली कातडी आणखी पातळ होते आणि चेहरा कायमचा लाल राहतो.

नखुरडं झालं तर पांढरं व्हिनेगर एक भाग आणि पाणी दहा भाग, त्यात बोटं रोज दहा-पंधरा मिनिटं बुडवा, कोरडी करा, नखं सरळ कापा, कोपरे खोदू नका, पुढून मोकळी चप्पल घाला. कडेला लाल, पटकन रक्त येणारं मांस वाढलं तर त्वचारोगतज्ज्ञ सिल्व्हर नायट्रेट लावतात. पापणीचा केस डोळ्यात टोचत असेल तर घरी उपटू नका, नेत्रतज्ज्ञांकडे जा.

एर्लोटिनिब रिकाम्या पोटी घ्यायचं असतं: जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तास. जेवणासोबत घेतलं की रक्तातलं प्रमाण वाढतं आणि पुरळही. याच्या उलट, ओमेप्राझोल-पँटोप्राझोलसारख्या पित्ताच्या गोळ्यांनी आणि बिडी-सिगारेटने प्रमाण घटतं, म्हणजे पुरळ कमी आणि गुणही कमी. पित्ताची गोळी चालू असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. पुरळ अंगाच्या तीस टक्क्यांहून अधिक भागावर पसरलं, किंवा रोजची कामं होईनात, तर तेच गोळी काही दिवस थांबवतात आणि बऱ्याचदा १५० वरून १०० वर आणतात. तो निर्णय त्यांचा. ताप, पिवळ्या खपल्या, अंगावर पाण्याचे मोठे फोड, तोंडात-डोळ्यांत व्रण, नव्याने लागलेली धाप किंवा सतत जुलाब, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी जा. धाप सर्वांत धोक्याची, कारण हे औषध क्वचित फुप्फुसाला सूज आणतं.

एक प्रश्न तुमच्या मनात येईलच, म्हणून आधीच सांगतो: बाबांचं जेल काकूंच्या पुरळावर लावू नका. गोळीने संकेत पेशीच्या आत अडवला आहे, बाहेरून कितीही ईजीएफ ओतला तरी आत फारसं काही पोचत नाही. आणि ज्यांना कॅन्सर आहे त्यांच्या अंगावर वाढीचा संकेत कारणाशिवाय चोळत बसू नये.

आता बाबांच्या पायाकडे. हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण पाय वाचवणं किंवा गमावणं बऱ्याचदा इथे घरच्यांच्या हातात असतं.

निरोगी माणसाला खरचटलं की काही मिनिटांत प्लेटलेट फुटून पीडीजीएफ आणि टीजीएफ-बीटा हे ग्रोथ फॅक्टर सोडतात. त्यामागे मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी येतात, मग खालच्या थरातले दोरे विणणारे फायब्रोब्लास्ट केजीएफ सोडून वरच्या पेशींना 'सरका' म्हणतात, व्हीईजीएफने नव्या रक्तवाहिन्या येतात, आणि ईजीएफच्या कुटुंबातल्या निरोपांनी कडेच्या पेशी मधल्या मांसांकुरांवरून, म्हणजे नव्या लाल मांसावरून, सरकत जखम झाकतात. मधुमेहाची जुनी जखम या क्रमात मध्येच अडकलेली असते. तिच्यातून पाझरणाऱ्या पाण्यात प्रथिनं कापणारी विकरं, म्हणजे एमएमपी, फार वाढलेली असतात. शरीराने बनवलेला ग्रोथ फॅक्टर ती तुकडे करून टाकतात आणि तुम्ही ट्यूबमधून लावलेलाही. वर जंतूंचा चिकट थर. कडेला जो पांढरट, कडक घट्टा दिसतो, त्यातल्या पेशी विभाजन पावत राहतात पण सरकत नाहीत, निरोप मिळूनही जागच्या हलत नाहीत. शिवाय संवेदना गेल्यामुळे बाबा त्याच बिंदूवर पुन्हा पुन्हा वजन टाकतात आणि नवी पेशी चिरडली जाते.

म्हणून क्रम असा ठेवा. सर्वांत आधी रक्तपुरवठा. घोट्याजवळच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर, एबीआय, करून घ्या. ०.९ च्या खाली आलं तर रक्तवाहिन्यांचा अडथळा धरून चालायचं. पण मधुमेहात वाहिन्या चुन्याने कडक होतात, त्यामुळे १.३ च्या वर आलेला आकडा चांगला नसतो, तो फसवा असतो. अशा वेळी पायाच्या बोटातला दाब मोजतात. तो ३० मिमी पाऱ्याच्या खाली असेल तर जेल, पीआरएफ सगळं बाजूला ठेवून रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे तातडीने जा. दुसरं, हाड. जखमेत निर्जंतुक सळई घातल्यावर कडक हाड लागत असेल तर हाडाला संसर्ग असण्याची शक्यता मोठी, एक्स-रे हवाच. एकच एक्स-रे निर्दोष आला म्हणून निश्चिंत होऊ नका, हाडातला बदल दिसायला दोन-तीन आठवडे लागतात.

तिसरं, भार. हेच सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतं. अंगठ्याच्या मुळाशी असलेली जखम म्हणजे चालताना पाय उचलताना जिथे सगळा दाब येतो ती जागा. रक्तपुरवठा चांगला आणि संसर्ग नसेल तर गुडघ्यापर्यंतचा, काढता न येणारा टोटल कॉन्टॅक्ट कास्ट सर्वांत चांगला. काढता येणारा बूट दिला की माणूस घरात तो काढून ठेवतो, आणि घरातल्या घरातच दिवसभराची बरीच पावलं होतात: संडास, देवघर, गॅलरी. कास्ट शक्य नसेल तर जखमेची जागा मोकळी सोडून भोवती जाड फेल्ट चिकटवतात आणि त्यावर एमसीआर या मऊ रबराची चप्पल देतात. कुष्ठरोगाच्या बधिर पायांसाठी आपल्या विदर्भात ही चप्पल वर्षानुवर्षं वापरली जाते, तिचं महत्त्व मधुमेहातही तितकंच आहे. आणि अनवाणी चालणं पूर्ण बंद. उन्हाळ्यात टेकडी गणपतीला किंवा कोराडीला दुपारी दर्शनाला गेल्यावर फरशीने तळवा भाजला तरी बाबांना कळणार नाही, फोड दिसेल तेव्हाच समजेल.

चौथं, कडा साफ करणं. घट्टा आणि मेलेला थर ब्लेडने, कडेवर लाल रक्ताचे ठिपके येईपर्यंत काढावा लागतो, साधारण दर आठवड्याला. संवेदना नसल्याने दुखत नाही, पण हे घरी करायचं काम नाही. साफ केल्यावर जखम आधीपेक्षा मोठी दिसते. घरचे घाबरतात, 'डॉक्टरांनी वाढवली' म्हणतात. तसं नसतं. न सरकणाऱ्या पेशी काढून ऐकणाऱ्या पेशी कडेला आणलेल्या असतात. पीडीजीएफच्या जेलच्या चाचण्यांतूनही हेच दिसलं: ज्या केंद्रांत कडा वारंवार साफ केल्या गेल्या तिथे जखमा जास्त भरल्या, औषधाचं जेल लावलेल्यांच्याही आणि औषध नसलेलं जेल लावलेल्यांच्याही.

आणि बेटाडीन? सुरुवातीला संसर्ग होता तेव्हा ठीक. रोज, तीन महिने, मांसांकुरांवर नको. आयोडीन जंतूंसोबत नव्या पेशींनाही मारतं, आणि प्रथिनाचं जेल त्यावर लावलं तर तेही बिघडतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तेच. साधं नॉर्मल सलाइन पुरेसं आहे. उघडलेली बाटली चोवीस तासांनी टाकून द्यायची.

हे सगळं तीन-चार आठवडे नीट केलं आणि तरी जखम हलत नसेल, तर जेलचा विचार करा. तेव्हा त्याचा उपयोग होतो. पीडीजीएफचं ०.०१ टक्के जेल, बेकाप्लर्मिन, अमेरिकेत १९९७ मध्ये मंजूर झालं. ३८२ रुग्णांच्या चाचणीत २० आठवड्यांत पूर्ण भरलेल्या जखमा जेल लावलेल्यांत ५० टक्के आणि नुसतं औषधाविना जेल लावलेल्यांत ३५ टक्के होत्या. म्हणजे फायदा खरा, पण जादू नाही, आणि तोही चांगली ड्रेसिंग दोन्हीकडे असताना. आपल्याकडे ईजीएफचं जेलही मिळतं. दोन्हींची वापरायची वेळ वेगळी असते, त्यामुळे खोक्यातला कागद वाचा.

बेकाप्लर्मिन असेल तर जखमेची लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा, चारने भागा. १५ ग्रॅमच्या ट्यूबमधून तेवढे सेंटिमीटर लांब जेल काढायचं. ३ बाय २ ची जखम असेल तर दीड सेंटिमीटर. ते स्वच्छ पृष्ठभागावर काढून निर्जंतुक काडीने साधारण दीड मिलिमीटर जाडीचा सारखा थर द्या, वर सलाइनने ओलसर केलेला गॉझ. बारा तासांनी सलाइनने धुऊन काढा आणि उरलेले बारा तास नुसता ओला गॉझ. दिवसातून एकदाच. जास्त जाड थर दिला म्हणून लवकर भरत नाही. आकार दर आठवड्याला पुन्हा मोजून मात्रा बदला. ट्यूब २ ते ८ अंशांत ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. मे महिन्यात मेडिकल स्टोअरमधून आणताना बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून सोबत न्या आणि स्कूटीच्या डिक्कीत ठेवून बाजारात फिरू नका. प्रथिन उष्णतेने बिघडतं आणि बाहेरून दिसायला काहीच फरक पडत नाही. जखमेच्या जागी कॅन्सर असेल तर हे जेल लावायचं नाही. तीन महिन्यांहून जुनी, कडा उंचावलेली, फुलकोबीसारखी वाढलेली जखम असेल तर आधी तुकडा तपासणीला पाठवावा.

पीआरएफ हा मला स्वस्त आणि चांगला पर्याय वाटतो, फक्त करणाऱ्याला तो नीट यायला हवा. १० मिलिलिटर रक्त गोठणरोधक नसलेल्या काचेच्या नळीत घेऊन लगेच, दोन मिनिटांच्या आत, यंत्रात फिरवायला लागतं. उशीर झाला तर रक्त नळीतच वेडंवाकडं गोठतं आणि मधला पिवळसर साका मिळत नाही. प्लास्टिकच्या साध्या नळीत साका नीट बनत नाही. सर्वांत मोठी गफलत फेऱ्यांच्या आकड्यात होते. 'मिनिटाला ३००० फेरे, दहा मिनिटं' असं पुस्तकात वाचून तेच बटण दाबलं जातं. पण पेशींना लागणारं बल यंत्राच्या त्रिज्येवरही ठरतं: त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, गुणिले फेऱ्यांचा वर्ग, गुणिले ०.००००१११८. त्यामुळे ८ सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रात ३००० फेऱ्यांना सुमारे ८०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ८०० पट बल), तर १५ सेंटिमीटरच्या यंत्रात सुमारे १५०० जी होतात. जवळजवळ दुप्पट. साका जास्त दाबला गेला की प्लेटलेट तळाशी, लाल भागालगत जातात. म्हणूनच कापताना त्या लाल टोकाचा थोडा भाग साक्यासोबत ठेवायचा, तिथेच प्लेटलेट जास्त असतात. साका हलका दाबून पडद्यासारखा करतात, जखमेवर बसवतात, वर न चिकटणारं ड्रेसिंग, आणि पाच ते सात दिवस उघडत नाहीत. आठवड्याला एकदा, साधारण पाच-सहा वेळा. कुष्ठरोगाच्या तळव्यावरच्या व्रणांवरही हे भारतात बरंच वापरलं जातं. जेलपेक्षा याचा फायदा असा की साक्याच्या जाळ्यातून ग्रोथ फॅक्टर दिवसेंदिवस हळूहळू सुटतात आणि ते एक नसून अनेक असतात.

एकाच निरोपावर सगळं सोपवल्याने काय होतं याचं एक उदाहरण आहे. गर्भावस्थेत साधारण चोविसाव्या आठवड्यापर्यंतच्या जखमा वण न राहता भरतात. तिथे टीजीएफ-बीटा१ कमी आणि टीजीएफ-बीटा३ जास्त असतो. मग बीटा३ टोचून वण टाळता येतील असं वाटलं, औषध बनलं, सुरुवातीच्या चाचण्या चांगल्या गेल्या, आणि २०११ मध्ये तिसऱ्या टप्प्यात ते अपयशी ठरलं. प्रौढ कातडीत ते गर्भाचं वातावरण नव्हतं.

वेळेचं महत्त्वही असंच. केस, दात आणि घामाच्या ग्रंथी गर्भात बनतात, तेव्हा ईडीए नावाचा एक संकेत लागतो. त्याच्या जनुकात दोष असला तर मुलाला घाम येत नाही, दात कमी आणि टोकदार येतात, केस विरळ. मुख्यतः मुलग्यांत दिसणारा हा आजार आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात अशी बाळं वारंवार 'कारण न सापडणाऱ्या तापाने' दाखल होतात, अँटिबायोटिकवर अँटिबायोटिक दिली जातात आणि खरं कारण घामाच्या ग्रंथीच नसणं असतं. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या डॉक्टरांनी ईडीएचं प्रथिन गर्भजलात टोचल्यावर जन्मलेल्या मुलांना घाम येत असल्याचं २०१८ मध्ये दाखवलं. तेच प्रथिन जन्मानंतर दिलं तेव्हा तसा फायदा मिळाला नव्हता. तुमच्या नात्यात असं बाळ असेल तर ओला सदरा, पाण्याची फवारणी आणि कूलर हेच सध्या त्याचं खरं औषध आहे. पॅरासिटामॉलने तो ताप उतरत नाही.

पार्लरमध्ये 'ग्रोथ फॅक्टर सीरम' म्हणून विकतात त्याबद्दल एवढंच: ईजीएफचा रेणू सुमारे ६००० डाल्टनचा, आणि धड कातडीच्या वरच्या थरातून साधारण ५०० डाल्टनच्या वरचं फारसं आत जात नाही. बाबांच्या मानेवर काळी, मखमली घडी असेल तर तीही घासू नका. वाढलेलं इन्सुलिन आयजीएफ-१ या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरच्या ग्राहींना चेतवून कातडी जाड करतं, मळ नसतो तो. साखर आणि वजन उतरलं की ती फिकट होते.

आणि बाबा खर्रा खात असतील तर तो आजच सुटायला हवा. सुपारीतलं अरेकोलीन गालाच्या आत टीजीएफ-बीटाचा संकेत सतत चालू ठेवतं, फायब्रोब्लास्ट कोलॅजेनचे दोरे विणत राहतात आणि तोंड उघडणं दिवसेंदिवस कमी होतं. या आजारावर, सबम्यूकस फायब्रोसिसवर, तोंड पूर्वीसारखं करणारं औषध आज नाही, आणि त्यातल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो. तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर दंतचिकित्सकांकडे किंवा मेडिकल-मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत दाखवा.

पायाचा हिशेब ठेवायला दर रविवारी त्याच अंतरावरून, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्याने कमी झालं तर बारा आठवड्यांत जखम भरण्याची शक्यता चांगली. नाही झालं तर उपाय वाढवण्याआधी पुन्हा रक्तपुरवठा, हाड आणि भार तपासा, बहुतेक वेळा चूक या तिघांतच सापडते. पाय सुजला, लाली जखमेपासून दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त पसरली, दुर्गंध आला, बोट काळं पडलं, ताप आला किंवा साखर अचानक ३०० च्या वर गेली, तर ड्रेसिंगच्या पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच रात्री दवाखान्यात न्या.